कार्बन उत्सर्जन कपात : मराठवाड्याला होणारे लाभ

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून वातावरणात जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करून जागतिक तापमानवाढ रोखण्याच्या उपायांना कार्बन उत्सर्जन कपात म्हणतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या पुढे आहेत. तो शतकानुशतके टिकून राहत असल्याने निव्वळ उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडलेल्या वायूतून शोषून घेतलेला वजा करून उरणारे प्रमाण, शून्यावर आल्यावरच तापमानाची चढण थांबते. भारताने त्यासाठी २०७० ची मुदत ठरविली आहे.

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस एकदम कोसळतो आणि दोन पावसांमधील खंडात जमिनीतील ओलही लवकर उडते. शेंगा भरताना खंड पडला, तर सोयाबीनचा दाणा बारीक राहतो, आणि काढणीच्या तोंडावर झड लागली, तर शेंगांतच कोंब फुटतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात पुराने उभी पिके मातीसकट खरवडून नेली. तापमानवाढ २ अंशांऐवजी १.५ अंशांवर रोखल्यास तिच्यामुळे वाढणाऱ्या पाणीटंचाईची झळ बसणाऱ्यांची जगातील संख्या निम्म्यापर्यंत घटू शकते, असे हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात म्हटले आहे. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या प्रदेशासाठी हा सर्वांत मोलाचा लाभ होय.

तो पदरात पडणे अवघ्या जगाच्या कपातीवर अवलंबून आहे. काही लाभ मात्र स्थानिक असून लगेच मिळतात. औष्णिक वीजनिर्मितीला कोळशाइतकीच पाण्याची गरज असते. परळी वैजनाथ येथील वीजकेंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. सौर पॅनेलना धुण्यापुरतेच पाणी लागते आणि त्यांच्यामुळे राख व धूरही होत नाही. शिवाय शेतीपंपांना सौरवीज पुरविणाऱ्या सौर कृषिवाहिनीमुळे दिवसा वीज मिळते, आणि हाती बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत रात्री पिकाला पाणी देण्याची शेतकऱ्याची पाळी टळते. सौरपंपाला वीजबिल नसल्याने विहिरी व बोअरवेलमधून अमर्याद उपसा होण्याचा धोका मात्र खरा आहे. त्यामुळे भूजलाचा ताळेबंद आणि ठिबक सिंचन यांची जोड दिल्याशिवाय हा लाभ टिकणार नाही.