मालकीच्या जमिनीतली झाडं तोडायचीत? जंगल शेजारी असेल तर आधी हद्द बघा

जमीन आपली, सातबारा आपला, झाड आजोबांनी राखलेलं, मग परवानगी कशाला, असं गावात दर दिवाळीनंतर ऐकायला मिळतं आणि दरवर्षी कोणीतरी अडकतंच. आमच्या काकांच्या वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला लागून राखीव जंगल आहे, मधे हद्द दाखवणारे वनखात्याचे दगडी बुरूज, त्यातला एक ढासळून करवंदीच्या जाळीत गेलेला. लाकूड व्यापाऱ्याच्या माणसांनी अंदाजाने हद्द धरली आणि ऐनाची तीन झाडं पलीकडची, जंगलातली पाडली. लाकूड जप्त, ट्रॅक्टर जप्त, आणि अर्जावर सही काकांची म्हणून हेलपाटे काकांना. म्हणून सांगतो, परवानगी मिळाली म्हणजे झालं असं नाही, भांडण बहुतेक हद्दीवरूनच होतं.

आता नियम. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, त्यात अनुसूचित झाडांची यादी आहे. साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ वगैरे. ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागतेच. यादीत वेळोवेळी बदल होतात त्यामुळे चालू यादी वनखात्याच्या रेंज ऑफिसला विचारून घ्या. वाळलेलं, रोगट, वादळात पडलेलं किंवा घरावर येणारं झाड असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि फोटो जोडा, हे कारण कायद्यातच धरलेलं आहे.

अर्ज आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपालांकडे जातो, खात्यात याला मालकी प्रकरण म्हणतात, आपले सरकार पोर्टलवरही ही सेवा आहे. सोबत ताजा सातबारा आणि आठ अ, फेरफार, गाव नकाशा, मोजणीची क प्रत म्हणजे भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, आधार, झाडांची जातवार यादी आणि सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्यांची संमती. मुंबईत राहणाऱ्या चुलतभावाची सही राहिली म्हणून वर्ष गेलेलं मी बघितलंय. मोजणीला वेळ लागतो तर तो अर्ज आधी टाका, आणि कुठलाही कागद दिला की पोच घ्या, तारीख आणि आवक नंबरासकट.

मग वनपाल आणि गार्ड जागेवर येतात, छातीच्या उंचीवर टेप लावून घेर घेतात, साल तासून नंबर टाकतात, एक नंबर अगदी बुडाशी असतो म्हणजे झाड पाडल्यावर खुंटावर तो दिसतो. त्या दिवशी स्वतः हजर राहा. नंबर नसलेलं एकही झाड पाडू देऊ नका. तोडल्यावर मालाची तपासणी होते, हातोड्याचा शिक्का बसतो, आणि वाहतूक पास म्हणजे टीपी मिळाल्याशिवाय लाकूड गाडीत भरायचं नाही.

सातबाऱ्यावर इतर हक्कात खाजगी वन किंवा वन अशी नोंद असेल तर हा सगळा अर्ज तिथेच थांबतो. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं संपादन कायदा, म्हणजे खाजगी वनं सरकारकडे घेणारा कायदा, लागू झाला तेव्हा वन कायद्याखालच्या जुन्या नोटिशींवरून ठाणे-कोकणात कितीतरी जमिनींवर असे शेरे पडले, मालकाला पत्ताही नव्हता. यावर गोदरेज अँड बॉइसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ३० जानेवारी २०१४ ला सांगितलं की नुसती जुनी नोटीस निघाली एवढ्यावर जमीन खाजगी वन ठरत नाही. पण म्हणून शेरा आपोआप जात नाही, त्यासाठी वकील गाठून महसुलात स्वतंत्र प्रकरण करावं लागतं, आणि तोवर कुऱ्हाड लावायची नाही. शिवाय सुप्रीम कोर्टाच्याच गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते, मालक कोणीही असो, असं ठरलंय.

आदिवासी खातेदार असाल तर १९६९ चा वेगळा कायदा आहे, कलेक्टरांच्या परवानगीशिवाय झाडं विकता येत नाहीत. व्यापारी चार पैसे हातावर ठेवून साग नेत होते म्हणून तो कायदा आला, आणि तो अजूनही हवाच आहे असं माझं ठाम मत आहे. बांबूला मात्र वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरच्या जमिनीत झाड धरत नाहीत.

आणि व्यापाऱ्याला कोरं कुलमुखत्यारपत्र देऊ नका. गट नंबर, झाडांची संख्या आणि मुदत लिहून घ्या, हद्दीवरची झाडं तोडताना घरचा माणूस उभा करा. काकांनी नंतर मोजणी करून घेतली तेव्हा करवंदीतला तो बुरूज सापडला, सगळे समजत होते त्यापेक्षा बराच अलीकडे.