पाळणाघर, ताप आणि नळाची तोटी

रात्री मुलाला ताप होता. सकाळी आई पॅरासिटामॉल पाजते, तासाभरात कपाळ गार लागतं, आणि लोकल गाठायच्या घाईत मूल पाळणाघरात पोचतं. या औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. त्यामुळे दुपारी वरणभात भरवायच्या वेळेला ते काकूंच्या मांडीवर पुन्हा तापायला लागतं. लालबाग-परळच्या चाळीत असो की मुलुंडच्या टॉवरमध्ये, घरात पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला हा प्रकार तोंडपाठ आहे.

पॅरासिटामॉल मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या केंद्रावर काम करतं. विषाणूला ते हातही लावत नाही. ताप उतरलेलं मूल हसतं, खेळतं, पण त्याच्या शेंबडातले आणि लाळेतले विषाणू कालच्याइतकेच जिवंत असतात. म्हणून सकाळी दारात ‘ताप आहे का?’ असं विचारण्यापेक्षा ‘शेवटचं औषध किती वाजता दिलं?’ हे विचारणं जास्त उपयोगाचं. औषध न देता २४ तास ताप आला नाही, तरच तो गेला असं म्हणायचं.

यात आईला दोष देणं मला पटत नाही. खाजगी नोकरीत मुलाच्या आजारपणासाठी वेगळी रजा सहसा नसते, आणि लेट मार्क लागला की पगार कापला जातो. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तरीही या शहरातल्या असंख्य मुलांचा दिवस आजही इमारतीतल्याच कुणा काकूंच्या हॉलमध्ये जातो. तिथे एक बाई, फार तर मदतीला एक मावशी, आणि सहा-आठ मुलं. संसर्ग आवरायचा तो एवढ्याच जागेत आणि एवढ्याच माणसांत.

मूल आजारी पडलं की पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘हे कुणी आणलं?’ बऱ्याचदा या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण बालपणीचे बरेच संसर्ग अंगावर दिसायच्या आधीच पसरू लागतात. कांजिण्यांचं मूल पहिला फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग देतं. गोवरात तर पुरळ उठण्याआधी चार दिवस. त्या चार दिवसांत फक्त सर्दी, खोकला, ताप आणि लाल डोळे दिसतात, म्हणजे पावसाळ्यात दर दुसऱ्या मुलाला असतं तेच. उलट हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या आजारात, ज्याला आता सगळेच ‘हँड-फूट-माउथ’ म्हणतात, मूल आठवड्याभरात बरं होतं, पण त्याच्या शीमधून विषाणू पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. सुरुवातही लपलेली आणि शेवटही. त्यामुळे आजारी दिसणारं मूल घरी पाठवणं आवश्यक असलं, तरी तेवढ्यानं साखळी तुटत नाही. आजार कुठल्या वाटेनं जातो ते बघून ती वाट रोज अडवावी लागते, सगळी मुलं ठणठणीत असतानासुद्धा.

हवेच्या वाटेपुढे पाळणाघराचा फारसा इलाज चालत नाही. गोवराचं मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत तरंगत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या घोळक्यात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. दहा बाय बाराच्या खोलीत कोपरा वेगळा करून काय साधणार? इथे लसच लागते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुलं दगावली, आणि लस चुकलेली मुलं शोधत आरोग्यसेविकांना घरोघर फिरावं लागलं. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळते. कांजिण्यांची लस त्यात नाही. ती पंधराव्या महिन्यापासून खाजगी डॉक्टरांकडे विकत घ्यावी लागते, म्हणून बरीच मुलं तिच्याविनाच राहतात. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड मागायला काकूंनी मुळीच संकोचू नये. नऊ महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ तुमच्याकडे असेल, तर बाकीच्यांच्या दंडावरची लस हेच त्याचं कवच आहे.

आणि अशा आजारात बातमी लपवणं सगळ्यात महागात पडतं. गोवराशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. कांजिण्यांच्या लसीचाही संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत असाच उपयोग होतो. आईनं निदान दोन दिवस दाबून ठेवलं, की बाकीच्या मुलांची ती संधी गेली. काकूंनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवावं, मुलाचं नाव न घेता: आपल्याकडे कांजिण्यांचा संशय आहे, अमुक वारापर्यंत संपर्क आलेला आहे, आपापल्या डॉक्टरांना विचारा. मुलाला घ्यायला येणाऱ्या आयांपैकी कुणी गरोदर असेल तर तिला फोन करून सांगावं. कांजिण्या आणि रुबेला गरोदरपणात आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे ठरू शकतात.

आता ती वाट, जी पूर्णपणे काकूंच्या हातात आहे. शी, हात आणि तोंड.

डायपर बदलण्याचा प्रसंग नीट पाहा. काकू बाळाला पुसतात, डायपर गुंडाळून पिशवीत टाकतात आणि मोरीवर जातात. उजव्या हातानं नळ उघडतात, साबण लावतात, हात स्वच्छ धुतात आणि त्याच हातानं तीच तोटी बंद करतात. मघाशी खराब हातानं उघडलेली तोटी! हाताला विषाणू पुन्हा लागले आणि हात कुकराच्या झाकणाकडे निघाले. जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसचे शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, आणि आजारी मुलाच्या एक ग्रॅम शीमध्ये ते अब्जांच्या संख्येनं असतात. उपाय फुकटचा आहे. हात धुताना तोटीलाही साबण लावून ती धुवायची, किंवा कोपरानं ढकलता येईल असा दांड्याचा नळ बसवून घ्यायचा. मग खिळ्याला लटकलेला तो एक ओला नॅपकिन. त्याच नॅपकिननं काकूंचे हात, तीन मुलांची तोंडं आणि एकाचं नाक पुसलं जातं. पावसाळ्यात तो दिवसभर वाळत नाही. प्रत्येक मुलाचा नावाचा वेगळा रुमाल आणि मोठ्यांसाठी सुती फडक्यांची चळत, वापरलं की धुवायला टाकायचं, एवढ्यानं फार मोठा फरक पडतो.

पर्समधल्या सॅनिटायझरवर मात्र इथे विसंबू नये. काही विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं, कोरोना आणि फ्लूचे विषाणू त्यातले. अल्कोहोल ते आवरण फोडतं आणि विषाणू निकामी होतो. पण जुलाब-उलट्यांचे रोटा आणि नोरो, तसंच हँड-फूट-माउथचे कॉक्सॅकी, या विषाणूंना असं आवरणच नसतं. त्यातल्या नोरो आणि कॉक्सॅकीवर तर अल्कोहोल फारच कमी चालतं. त्यांना हातावरून उतरवावंच लागतं, तुपाच्या भांड्यासारखं साबणानं चोळून आणि वाहत्या पाण्याखाली धरून. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. नुसतं हात धुण्याची शिस्त लावली तर पाळणाघरांतल्या जुलाबांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. एवढ्या स्वस्त उपायाचा एवढा परिणाम मला तरी थक्क करतो.

फरशी, डायपर बदलायचं रबरी कापड आणि तोंडात जाणारे ठोकळे यांच्यासाठी ब्लीच लागतं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे चार छोटे चमचे पुरतात. आधी साबणानं घाण काढायची, कारण शी-उलटी तशीच राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. मग ब्लीचचं पाणी लावून पाच मिनिटं ओलं ठेवायचं आणि खेळणी असतील तर साध्या पाण्यानं खळखळून धुवायची. हे पाणी रोज ताजं करावं. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि मुंबईच्या खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

हँड-फूट-माउथबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्याची भीती त्याच्या ताकदीपेक्षा मोठी झाली आहे. २०२२ मध्ये केरळातून ‘टोमॅटो फ्लू’ची बातमी आली तेव्हा तो नवा आजार वाटला होता. तपासण्यांत निघाला तो हाच जुना कॉक्सॅकी. संसर्गानंतर तीन ते सहा दिवसांत ताप, मग तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ. बहुतेक मुलं सात-दहा दिवसांत आपोआप बरी होतात. खरा त्रास तोंडातल्या फोडांचा. मूल पाणीसुद्धा नाकारतं, म्हणून गार दूध, ताक, पातळ पेज थोडी थोडी देत राहावी. ताप गेला, लाळ गळायची थांबली, नवे फोड येईनासे झाले आणि मूल खाऊ-पिऊ लागलं की माझ्या मते त्याला परत घ्यायला हरकत नसावी. पुरळाचा शेवटचा डाग जाईपर्यंत घरी बसवण्यात अर्थ नाही, कारण विषाणू शीमधून तसाही पुढे कित्येक आठवडे जाणारच आहे. तिथे तोटी आणि साबणच राखण करतात.

कांजिण्यांत मात्र सवलत नाही. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच, साधारण पाच दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास. डोळे आलेल्या मुलाकडे पाहिल्यानं डोळे येत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ही साथ होती तेव्हाही बोटं, रुमाल आणि उश्यांमधूनच ती पसरत होती.

‘पाळणाघरात घातल्यापासून सारखा आजारी असतो’ ही तक्रार खरी आहे. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच, आणि चार मुलांत राहणाऱ्यांना त्याहून जास्त. अमेरिकेतल्या टक्सन शहरात मुलांना जन्मापासून किशोरवयापर्यंत पाहत गेलेल्या एका अभ्यासात दिसलं की पाळणाघरात राहिलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी जास्त सर्द्या झाल्या, पण शाळेच्या पहिल्या काही वर्षांत इतरांपेक्षा कमी. पुढे तेराव्या वर्षापर्यंत दोघांतला फरक मिटला. सर्दीचं ठीक आहे. गोवर किंवा जुलाब ‘होऊन गेलेला बरा’ असं मात्र कुणी म्हणू नये.

दुपारी मूल आजारी पडलं आणि आई चर्चगेटला असेल, तर तिला यायला दीड तास सहज लागतो. त्यासाठी प्रवेशाच्याच दिवशी जवळ राहणाऱ्या दुसऱ्या माणसाचा नंबर घेऊन ठेवावा: आजी, मामा, शेजारीण, कुणीही. तोपर्यंत त्या मुलाला उघड्या खिडकीजवळ, इतरांपासून दूर बसवावं, आणि शक्यतो एकाच मोठ्या माणसानं त्याच्याकडे बघावं. जुलाब असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट मोजून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजानं कपात कालवू नये, क्षारांचं प्रमाण बिघडतं. चमच्या-चमच्यानं पाजावं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पण डोळे खोल गेले, सहा-आठ तास सू झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, झटका आला किंवा मूल हाक मारूनही जागं होईना, तर आईची गाडी कुठवर आली ते विचारत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा रिक्षा-टॅक्सी करून जवळचं हॉस्पिटल गाठावं, आणि आईला थेट तिथेच बोलवावं.