गोळीचं माप नळी ठरवत नाही, खण ठरवतो

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी दाबून बसवताना नळीखालचा दांडा ओढला की फिरत्या सिलिंडरमधल्या खणाच्या, म्हणजे गोळीच्या घराच्या, तोंडाशी शिशाची एक बारीक कडी सुटून येते. केसाइतकी पातळ, चकचकीत आणि अखंड. जाणकारांची नजर आधी या कडीवर जाते. कारण कडी पूर्ण निघाली म्हणजे गोळी चहूबाजूंनी घट्ट बसली.

सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचं पेटंट घेतलं. पुढे १८५१ चं 'नेव्ही' आणि १८६० चं 'आर्मी' ही त्याच्या कारखान्याची रिव्हॉल्व्हरं गाजली. सिलिंडरच्या प्रत्येक खणात पुढून काळी दारू, तिच्यावर शिशाची गोल गोळी आणि मागच्या बाजूला ठिणगी देणारी टोपी, अशी ही रचना. साध्या ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीतच ठासतात आणि तिथूनच ती सुटते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र गोळी बसते एका घरात आणि बाहेर पडते दुसऱ्या घरातून. सगळी मेख या दोन घरांच्या मापांत आहे.

नावावरून माप समजत नाही, हे आधी सांगायला हवं. 'नेव्ही' ०.३६ इंचाचं म्हणतात, पण तो आकडा गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पाडण्याआधीच्या नळीचा. गोळी लागते ०.३७५ इंचाची किंवा किंचित मोठी. 'आर्मी' ०.४४ चं, त्यात गोळी बसते ०.४५१ किंवा ०.४५४ ची. गोळी खणापेक्षा मुद्दाम जरा मोठी घेतात. दाबताना जास्तीचं शिसं कडी होऊन निघतं आणि गोळीच्या पोटाला सपाट पट्टा पडतो. नळीतल्या खाचांना पकड मिळते ती या पट्ट्यावर.

आता एक उदाहरण घेऊ. खणाचा व्यास ०.४४६ इंच आणि नळीचा, खाचेच्या तळापासून तळापर्यंत, ०.४५१ इंच आहे असं समजा. तुम्ही ०.४५४ ची गोळी घाला, नाही तर ०.४५७ ची, खणातून ती ०.४४६ चीच होऊन निघणार. नळीत शिरते तेव्हा ती खाचांपेक्षा ०.००५ इंचाने, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरने, बारीक असते. शुद्ध शिसं मऊ असल्यामुळे दारूच्या दणक्याने गोळी थोडी फुगते, पण ही तूट प्रत्येक वेळी सारखी भरून निघेलच असं नाही. उरलेल्या फटीतून तप्त वायू गोळीला ओलांडून पुढे पळतो. नेम पसरतो आणि दोष बिचाऱ्या नळीला लागतो! मला हे फार खटकतं. नेम बिघडला तर आधी सिलिंडर मोजावा. आणि सहाही खण मोजावेत, कारण एखादाच खण वेगळ्या मापाचा निघाला तरी सहातली एक गोळी भरकटते.

उलट खण नळीपेक्षा केसभर मोठा असला तर बिघडत नाही. नळीच्या मागच्या टोकाला असलेला उतार गोळीला आवळून आत घेतो. म्हणूनच खण खाचांच्या व्यासाइतका किंवा किंचित मोठा असावा.

नळी मोजायची तर मऊ शिशाची गोळी तिच्यातून गजाने हळूहळू ढकलतात आणि बाहेर आलेली गोळी मोजतात. 'नेव्ही'मध्ये मात्र एक गंमत आहे. त्याच्या नळीत सात खाचा आहेत. सात ही विषम संख्या, त्यामुळे प्रत्येक खाचेच्या समोर खाच न येता उंचवटा येतो. गोळीवरही तसंच उमटतं, आणि साध्या मापकाचे दोन जबडे लावले की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

घट्ट बसवण्याला सुरक्षेचंही कारण आहे. सैल गोळी शेजारच्या बाराच्या धक्क्याने पुढे सरकते आणि सिलिंडर अडकवू शकते. त्याहून वाईट म्हणजे, ठिणगी शेजारच्या खणात शिरली तर एकाच वेळी दोन-तीन बार उडतात. म्हणून गोळीवर मेण आणि चरबीचं मिश्रण लावतात, नाही तर तिच्याखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घालतात. त्या चरबीने काजळीही मऊ राहते. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो, त्यामुळे काजळीचा प्रश्न लहान नाही.

खण बारीक निघाले तर कसबी कारागीर सहाही खण रीमरने, म्हणजे भोक रुंद करण्याच्या हत्याराने, एकाच मापाला आणतो. मग जुन्या गोळ्या चालत नाहीत. काल ०.४५१ च्या गोळीची छान कडी निघत होती, आज तीच गोळी नुसत्या बोटाने आत सरकते. आता ०.४५४ ची घ्यायची, दांडा ओढायचा आणि कडी पुन्हा अखंड येते का ते पाहायचं.