आठवड्यातला एक दिवस मागताना

माझी धाकटी बहीण हिंजवडीतल्या एका कंपनीत बारा वर्षं नोकरी करतेय. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने ठरवलं, आठवड्याला चारच दिवस काम करायचं, पगारही त्या हिशोबाने कापून घ्यायचा. कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरायला आम्ही बसलो, तर तिथे दोनच पर्याय होते, रजा आणि राजीनामा. मधलं काहीच नव्हतं. शेवटी तिने साधा मेल लिहिला, ‘नम्र विनंती की’ अशी सुरुवात करून. ही मागणी अशी उपकार मागितल्यासारखी का करावी लागते, हे मला तेव्हापासून टोचतंय.

कामाचा आठवडा कमी करा, असं मालकाला लेखी सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचा एक धागा पुण्यातच सापडतो. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र सुरू केलं. पुढे जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवलं. १८८४मध्ये लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या वाचल्या की पोटात कालवतं: रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. म्हणजे तोवर तेवढंही नव्हतं. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. आज आपण सगळेच ज्या रविवारी उशिरा उठतो, तो असा आलेला आहे.

पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, पण पुरुषांच्या तासांना लगाम नव्हता. कापड गिरण्यांत त्यांच्यासाठी बारा तासांची मर्यादा १९११मध्ये आली. १९२२मध्ये आठवड्याचे तास ६० झाले, १९३४मध्ये ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना आणलेल्या दुरुस्तीने १९४६मध्ये ४८. १९४८च्या कायद्याने तोच आकडा कायम केला. पिंपरी-चिंचवड, भोसरीचे कारखाने उभे राहिले ते याच ४८ तासांच्या चौकटीत. विजेचा भार वाटला जावा म्हणून तिथली सुट्टी गुरुवारी असते, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर आकडा हललेला नाही. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, पण रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढवून. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा चार दिवसांच्या आठवड्याची खूप चर्चा झाली. तिचं गणित बारा गुणिले चार, म्हणजे पुन्हा ४८च. दिवस कमी होतात, तास नाहीत.

आणि या सगळ्या इतिहासात मर्यादा ठरली ती कायम सगळ्यांसाठी एकदम. एकट्या माणसाने आपल्यापुरते तास कमी मागावेत, याला आपल्या कायद्यात वाटच ठेवलेली नाही. नेदरलँड्समध्ये २०००पासून आणि जर्मनीत २००१पासून नोकरदाराला असा अर्ज करण्याचा हक्क आहे, आणि नकार द्यायचा तर मालकाला कारण दाखवावं लागतं. आपल्याकडे साहेब हसून ‘बघू’ म्हणाले की विषय संपतो. साडेपाच हजार सह्यांच्या जागी एकच सही असते, तिचं वजन ते किती पडणार!

साहेब हो म्हणाले तरी एक खाच राहते, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या पगारावर मोजतात: महिन्याच्या पगाराचे २६ भाग, त्यातले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार ५२,००० असेल तर बारा वर्षांचे ३,६०,००० होतात. चार दिवसांवर येऊन तो ४१,६०० झाला, की पूर्ण पगारावर राबलेल्या त्याच बारा वर्षांचे २,८८,०००. बहात्तर हजार गेले. अपंगत्वामुळे कमी पगारावर आलेल्या माणसासाठी १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने आधीची वर्षं जुन्या पगारावर धरण्याची सोय केली. आईची शुश्रूषा करण्यासाठी तास कमी करणाऱ्या मुलीचा विचार त्यात नव्हता, त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही नाही. हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करायला कायद्यात एक ओळ पुरेल.

बहिणीला बुधवार मिळाला, सहा महिन्यांसाठी. ‘आधीच्या बारा वर्षांची ग्रॅच्युइटी जुन्या मूळ पगारावर धरली जाईल’ हे वाक्य पत्रात घालून घ्यायला तिला तीन मेल लिहावे लागले. तिसऱ्या मेलमधून तिने ‘नम्र’ हा शब्द काढून टाकला होता.