टाच आखडली की सांधे सैल?

नवरात्र संपली की बडोद्यात घरोघरी पाय शेकायला गरम पाणी चढतं. नऊ रात्री अनवाणी गरबा खेळल्यावर दुसरं काय होणार? आमच्या दांडिया बाजारातल्या घरी यंदा आत्या आणि भाची दोघींचे तळवे दुखत होते. दोघींना सल्ला एकच मिळाला, पाय ताणा. आत्याला उतार पडला, भाचीचं दुखणं वाढलं.

आत्याची कळ सकाळची. पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुई टोचते, थोडं चालल्यावर सुसह्य होतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, त्याचं हे दुखणं. डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात. पोटरी आखडली की घोटा पुरता वाकत नाही आणि ओढ या पट्ट्यावर येते. म्हणून इथे ताणणं उपयोगी: अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून 10 आकडे मोजायचे, असं 10 वेळा. एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, न दुखणाऱ्या टाचांतही ते सापडतं. बरं व्हायला मात्र महिने लागतात.

भाचीचं सगळंच निराळं. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवते, अंगठा सहज मनगटाकडे दुमडते. लहानपणी याचं किती कौतुक व्हायचं! बसलेली असताना तिच्या तळव्याला कमान दिसते, उभी राहिली की ती जाते, चवड्यांवर उभी राहिली की परत येते. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल, त्यामुळे पाऊल सावरायचं ओझं स्नायूंवर. ते दमतात, म्हणून तिचा पाय संध्याकाळी ठणकतो. घोटाही सारखा मुरगळतो. आणि दमलेला स्नायू हाताला आखडल्यासारखाच लागतो, फसगत होते ती इथे. ताणल्यावर घटकाभर बरं वाटतं, पण सैल सांध्याला हवी असते ताकद. बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलून धरणं, एका पायावर उभं राहणं, सावकाश टाचा उचलणं, हे तिला फिजिओथेरपिस्टने शिकवलं. शिवाय टाच घट्ट धरणारे, लेस बांधायचे बूट. घरातल्या कडक फरशीवर दोघींनीही मऊ चपला घालाव्यात, स्वयंपाकघरासाठी हवं तर वेगळा जोड ठेवावा.

सांध्यांचा सैलपणा मोजायला डॉक्टर 9 गुणांची बायटन चाचणी घेतात. वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंत 5 किंवा जास्त गुण म्हणजे सांधे सैल. पण सैल पावलाच्या माणसाचीही पोटरी आखडलेली असू शकते. म्हणून घोटा वेगळा तपासा: पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का ते बघा. चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, सूज किंवा मुंग्या असतील, तर घरगुती उपाय थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.