डिसोझांच्या नावातला ॲपोस्ट्रॉफी

समजा, मिरजेतल्या कुणा डिसोझांनी सांगलीच्या हळद व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर ऑर्डर भरली. आडनाव इंग्रजीत लिहिलं, 'डी'नंतर रीतसर ॲपोस्ट्रॉफी दिला. बटण दाबल्यावर ऑर्डर क्रमांक यायचा तर आलं भलतंच: 'यू हॅव ॲन एरर इन युवर एसक्यूएल सिंटॅक्स'. व्यापाऱ्यानं डेव्हलपरला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, त्यांना ते चिन्ह न टाकता नाव लिहायला सांगा." ऑर्डर गेली, विषय मिटला. वास्तविक साइटनं त्या दिवशी आपलं सगळ्यात मोठं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

साइटमागे डेटाबेस, म्हणजे तक्त्यांत मांडलेला माहितीचा साठा, असतो आणि त्याच्याशी बोलायची भाषा एसक्यूएल. १९७४ साली आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिची पहिली आवृत्ती मांडली. या भाषेत मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे एकेरी अवतरणचिन्हानं कळतं, आणि कीबोर्डवर ॲपोस्ट्रॉफी म्हणजे तेच चिन्ह. घाईत लिहिलेला प्रोग्राम गिऱ्हाइकानं भरलेला मजकूर आज्ञेच्या वाक्यात जसाच्या तसा चिकटवतो. डिसोझांचं नाव डेटाबेसच्या लेखी 'डी'वरच संपलं. उरलेलं 'सोझा' त्यानं आज्ञेचा भाग म्हणून वाचलं आणि तो अडखळला.

अडतीवर मालकानं दिवाणजींना चिठ्ठी पाठवावी, 'अमक्याचं खातं दाखवा', आणि 'अमक्या'ची रिकामी जागा भरायला ती समोरच्या माणसाच्याच हातात द्यावी, तसं हे आहे. त्यानं तिथे 'पाटलांचं, आणि बाकी सगळ्यांचंही' असं लिहिलं, तर दिवाणजी अख्खी वही पुढे सरकवतील. चिठ्ठी मालकाकडूनच आली आहे ना!

आता तेच डेटाबेसवर पाहू. 'आपली ऑर्डर शोधा' या पानामागची आज्ञा मराठीत लिहिली तर अशी होईल:

ऑर्डरींच्या तक्त्यातून त्या ओळी दाखव, जिथे मोबाईल = 'भरलेला नंबर'

नंबराच्या जागी कुणी भरलं: क्ष' किंवा '१'='१

मग शर्त बनते: मोबाईल = 'क्ष' किंवा '१'='१'

क्ष नावाचा नंबर कुणाचाच नाही, पण एक बरोबर एक हे प्रत्येक ओळीसाठी खरं. साइट सगळ्यांच्या ऑर्डरी दाखवून मोकळी होते. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावानं याबद्दल लिहिलं. त्यानंतर दहा वर्षांनीही अमेरिकेतल्या हार्टलँड या कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीतून कोट्यवधी कार्डांची माहिती याच वाटेनं गेली, आणि २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच भोक सापडलं.

"आमच्या एवढ्याशा दुकानावर कोण डोळा ठेवणार?" असं मार्केट यार्डात कुणीही म्हणेल. डोळा माणूस ठेवतच नाही. आपोआप चालणारे प्रोग्राम दिसेल त्या साइटच्या दिसेल त्या चौकटीत अवतरणचिन्ह टाकून बघत हिंडतात. पानावर एरर दिसत नसेल तरी ते थांबत नाहीत. 'पासवर्डचं पहिलं अक्षर क असेल तर पाच सेकंद थांब' अशी आज्ञा घुसवायची आणि उत्तराला उशीर होतो का ते मोजायचं. असं एकेक अक्षर करत आख्खा तक्ता बाहेर काढता येतो.

आणि चोरण्यासारखं काही नसतं असंही नाही. कुणाची उधारी किती, कुठल्या गिऱ्हाइकाला हळद आणि बेदाणा काय भावानं जातो, हे व्यापारी शेजारच्या गाळ्यालाही सांगत नाही. ते सगळं त्या तक्त्यात असतं. हाती लिहायचे अधिकारही लागले, तर बिलावर छापला जाणारा बँक खाते क्रमांक बदलता येतो. मग गिऱ्हाईक इमानेइतबारे पैसे भरतं, फक्त दुसऱ्याच्या खात्यात.

उपाय म्हणून बरेच जण अवतरणचिन्हच गाळून टाकतात. डिसोझांचं नाव बिघडतं आणि भोक तसंच राहतं, कारण उत्पादन क्रमांकासारख्या आकड्याभोवती बहुधा अवतरणचिन्ह नसतंच. ब्राउझरमधली तपासणीही कुचकामी. ती चुकवून थेट सर्व्हरला हवा तो मजकूर पाठवता येतो.

खरा उपाय आहे प्रीपेअर्ड स्टेटमेंट. आज्ञा आधी एकटीच डेटाबेसकडे जाते, भरायच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून. डेटाबेस ती वाचून अर्थ पक्का करतो. गिऱ्हाइकाचा मजकूर नंतर वेगळा येतो, तेव्हा त्यात काहीही लिहिलेलं असो, ते मजकूर म्हणूनच वागवलं जातं. डिसोझा ॲपोस्ट्रॉफीसकट नीट नोंदवले जातात. याला जादा खर्च नाही. पीएचपी या बऱ्याच साइट ज्यात लिहिलेल्या असतात त्या भाषेत ही सोय डेटाबेसशी जोडणाऱ्या पीडीओ आणि मायएसक्यूएलआय या दोन्ही साधनांत कधीपासून आहे. एक मेख मात्र आहे. 'भावानुसार लावा', 'तारखेनुसार लावा' अशा पर्यायांत रकान्याचं नाव बदलतं आणि तिथे प्रश्नचिन्ह चालत नाही. चालतील तेवढी नावं प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवायची, बाकी सरळ नाकारायची. चांगल्या डेव्हलपरच्या हातूनही इथेच सुटतं.

साइट जुनी असेल तर आणखी एक खूण बघावी. पीएचपीतली डेटाबेसशी बोलणारी जुन्या 'मायएसक्यूएल' घराण्यातली फंक्शन्स (तयार आज्ञा) डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. त्या फंक्शन्समध्ये प्रीपेअर्ड स्टेटमेंटची सोयच नव्हती. तेव्हा "तुमची साइट पाचव्या आवृत्तीवरच चालते, वर नेली की बंद पडते" असं होस्टिंगवाला (साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवलेली असते तो) सांगत असेल, तर आत आज्ञा चिकटवूनच बनत असणार असं धरून चालावं. मग डेव्हलपरकडून सगळ्या फाइल्स मागवायच्या, चिकटवलेली प्रत्येक आज्ञा बदलून घ्यायची, आणि तोवर साइट डेटाबेसमध्ये ज्या खात्यानं शिरते त्याचे अधिकार छाटायचे. ऑर्डर नोंदवणाऱ्या पानाला तक्ता पुसायचा हक्क कशाला लागतो?

तपासणी मात्र आपल्याच साइटवर, आणि तीही चाचणीच्या प्रतीवर. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय असले प्रयोग केले, तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं लागू शकतात.