नामकरण, सार्वजनिक वास्तूंचे (ठाणे व नवी मुंबई)

शासनाच्या, महापालिकेच्या किंवा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसारख्या महामंडळाच्या मालकीच्या वास्तूला लोकनेत्याचे, समाजसेवकाचे वा कलावंताचे नाव ठरावाने देण्याची प्रथा. 'नामकरण' हा शब्द सोळा संस्कारांतील बारशाच्या विधीवरून आलेला आहे. सार्वजनिक व्यवहारात नामकरण, नामांतर आणि नामविस्तार हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांतला भेद पुसून चालणार नाही. नाव नसलेल्या वास्तूला नाव देणे हे नामकरण, चालू नाव काढून दुसरे देणे हे नामांतर, आणि जुने नाव राखून त्यात भर घालणे हा नामविस्तार. तिसरा शब्द मराठीत रुळला तो बहुधा मराठवाडा विद्यापीठाच्या प्रश्नामुळे. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यासाठी विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव केला, परंतु अंमल झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्ताराच्या रूपाने. ठराव आणि अंमल यांत किती अंतर पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

ठाण्यात या प्रथेचा आरंभ नेमका कधी झाला, याविषयी एकवाक्यता नाही. ती देणगीदारांच्या नावांपासून सुरू झाली असे मानण्याकडे कल असतो. १८२१ पासूनची परंपरा सांगणारे बी. जे. हायस्कूल मुंबईचे पारशी दानशूर बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने ओळखले जाते, हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र देणगीदाराचे नाव देणे ही ऋणाची पोच असते. निधनानंतर लोकनेत्याचे नाव देणे ही स्मृती असते. दोन्हींचा उगम एकच मानण्यापेक्षा दोन स्वतंत्र प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसरा प्रवाह ठळक होतो तो १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाल्यानंतर. त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मासुंदा तलावाकाठी उभ्या राहिलेल्या नाट्यगृहाला राम गणेश गडकरी यांचे नाव मिळाले होते. पण ते नाटककाराचे नाव, लोकनेत्याचे नव्हे.

दोन्ही शहरांतील मुख्य कार्यालये व्यक्तिनामाविनाच राहिली आहेत. ठाण्यात 'महापालिका भवन', बेलापुरात 'सिडको भवन' आणि 'कोकण भवन'. नावे दिली जातात ती आतल्या सभागृहांना, नाट्यगृहांना, मैदानांना. ठाणे महापालिका मुख्यालयातील सभागृहाला पत्रकार-लेखक नरेंद्र बल्लाळ यांचे नाव आहे. वाशीचे नाट्यगृह विष्णुदास भावे यांच्या नावाचे. नवी मुंबईत पत्ता सांगायचा तो सेक्टरच्या आकड्याने, त्यामुळे तेथे ही प्रथा उशिरा रुजली असावी.

कार्यपद्धती साधारणतः अशी : नगरसेवकाचा प्रस्ताव, प्रशासनाचा अभिप्राय, महासभेची मंजुरी, मग नामफलकाचे अनावरण. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून निवडणुका रखडल्याच्या काळात महासभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. 'कै.', 'लोकनेते', 'धर्मवीर' ही बिरुदे नावाचाच भाग ठरतात. 'धर्मवीर' म्हणून ओळखले जाणारे ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांचे नाव फलकावर नुसते 'आनंद दिघे' असे क्वचितच आढळते.

कोनशिलेचा साचा ठरून गेला आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरे, वर एका ओळीत ज्यांचे नाव दिले ते, आणि खाली 'शुभहस्ते', 'प्रमुख उपस्थिती', आयुक्त, नगर अभियंता अशी उतरंड. ज्यांच्या स्मरणार्थ हे सारे, त्यांचा जन्म, गाव, कार्य यांची एक ओळही बहुधा नसते. ही उणीव गंभीर आहे, कारण पुढच्या पिढीला त्या माणसाची ओळख सांगणारे त्या जागी दुसरे काहीच नसते.

परिसरातील सर्वांत मोठे प्रकरण नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे. दि. बा. पाटील (१३ जानेवारी १९२६ – २४ जून २०१३) हे उरण तालुक्यातील जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे; पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. सिडकोसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. मोबदल्यासाठी पाटील यांनी उभारलेल्या लढ्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देणारी 'साडेबारा टक्के योजना' ही या लढ्याची देणगी. आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या घरात ते आजही 'दिबा' आहेत.

२०२१ मध्ये सिडकोने विमानतळासाठी बाळासाहेब ठाकरे यांचे नाव सुचवले. त्यावर १० जून रोजी मानवी साखळी झाली, आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, हजारो लोक बेलापुरात सिडकोवर धडकले. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दिबांच्या नावाला मान्यता दिली. सरकार बदलल्यावर जुलैमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तोच निर्णय पुन्हा घेतला, ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव केला व तो केंद्राकडे गेला. 'लोकनेते दि. बा. पाटील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ' या प्रस्तावित नावात शहराचे नाव कायम असल्याने काटेकोरपणे हा नामविस्तार ठरतो. आंदोलकांनी मात्र 'नामकरण' हाच शब्द धरला, आणि त्यांचे म्हणणे ग्राह्य वाटते : मागणी झाली तेव्हा धावपट्टी पुरी व्हायची होती, नाव बदलायला वास्तूच उभी नव्हती. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमाने सुरू झाली. उद्घाटनाच्या वेळी हे नाव अधिकृत झालेले नव्हते.